कूलर बदलायचाय म्हटलं आणि आई गवत उपसत बसली

मे महिन्यात इंदूरच्या घरात "कूलर बदलायचाय" असं मोठ्याने बोलू नये. मी बोललो. मला म्हणायचं होतं कॉम्प्युटरच्या आतला, प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो तो, आणि आईने ऐकला खिडकीतला, त्यामुळे अर्ध्या तासाने बघतो तर ती जाळ्या काढून जुनं गवत उपसत बसलेली आणि वर मलाच, "बरं झालं तुला सुचलं, दोन वर्षं वास मारतोय त्याला." मग काय, आधी तो कूलर. नवं गवत आणलं, भरलं, पंप धुतला, टाकीतला गाळ काढला आणि माझा कूलर गेला पुढच्या रविवारवर.

पीसी घेतला होता २०२२ च्या पाडव्याला, तयार, कंपनीने जोडून दिलेला. तेव्हा ग्राफिक्स कार्डांचे भाव असे काही चढले होते की सुटं कार्ड घ्यायचं तर बजेट तिथेच संपायचं आणि तयार पीसीत तेच कार्ड बसून यायचं, म्हणून स्वतः जोडायची हौस बाजूला ठेवून तयार घेतला. आय७-१२७००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, सोळा जीबी रॅम. लग्नांचे व्हिडिओ एडिट करणं हे माझं काम आणि रात्री गेम. तीन वर्षं कुरकुर केली तरी उघडला नाही कारण झाकणावर वॉरंटीचं स्टिकर होतं. यंदा पाडव्याला वॉरंटी संपली आणि त्याच महिन्यात उन्हाळा सुरू झाला, आणि मग जो आवाज सुटला तो काय सांगू, रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं) लावला की पिठाची गिरणी. आई स्वयंपाकघरातून विचारायची मिक्सर कोणी लावलाय. एकदा क्लायंटशी फोनवर बोलत होतो तर तो म्हणे तुम्ही बाहेर आहात का, नंतर बोलू.

नुसता आवाज असता तर हेडफोन लावून भागलं असतं, पण रेंडरही लांबायला लागले. चाळीस मिनिटांचा पाऊण तास, पाऊणचा तास. एचडब्ल्यूइन्फो नावाचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघितलं तर रेंडर सुरू होऊन मिनिटभरात प्रोसेसर १०० डिग्रीला टेकलेला, आणि थ्रॉटलिंगच्या रकान्यात लाल अक्षरात येस. या प्रोसेसरची हद्दच १०० डिग्री आहे, तिथे पोचला की जळत वगैरे नाही, स्वतःच स्पीड उतरवतो (तेच थ्रॉटलिंग), कमी वीज खातो, म्हणजे पैसे दिलेत घोड्याचे आणि चालतोय टांग्याच्या चालीने. कागदावर हा ६५ वॅटचा, पण टर्बोत, म्हणजे पूर्ण वेगाने पळताना, १८० वॅटपर्यंत जायची मुभा त्याला आहे. माझ्या बोर्डात कंपनीने १२५ च्या आसपास बांधून ठेवलेला दिसला. तेही पेलवत नव्हतं, ९५ वॅटवर येऊन रांगत होता.

झाकण काढून (स्टिकर फाडताना उगाच चोरी केल्यासारखं वाटलं) आत बघितलं तर प्रोसेसरवर एक बुटका अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, तळहातात मावेल एवढा, वर छोटा पंखा, आणि पात्यांमध्ये धुळीची गोधडी. आमचं गाव २०१७ पासून २०२३ पर्यंत दरवर्षी स्वच्छतेत देशात पहिलं आलं, पण पहिला नंबर देणारे लोक माझ्या कॅबिनेटमध्ये बघायला आले नव्हते. ब्लोअरने गॅलरीत नेऊन साफ केला. दोन-तीन डिग्रीचा फरक पडला, तोही बहुतेक माझ्या मनाचा.

तर नवा कूलर. आता घेण्याआधी एक काम मात्र मी शहाण्यासारखं केलं, उंची मोजली. उभे टॉवर कूलर असतात ते दीडशे मिलीमीटरच्या वर जातात आणि कंपनीच्या अरुंद डब्यात झाकण बसत नाही असं होतं. प्रोसेसरवर कूलर बसलेला असताना मोजणार कसं? खराट्याची एक काडी घेतली, कॅबिनेटच्या उघड्या कडांवर फूटपट्टी आडवी ठेवली, तिच्याला लागून काडी सरळ खाली सोडली ती सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या) शेजारी मदरबोर्डला टेकेपर्यंत, नखाने खूण धरली आणि मोजली. १७१. या सॉकेटमध्ये प्रोसेसरचा माथा बोर्डापासून साधारण सात मिलीमीटर वर येतो, म्हणजे हातात राहिले १६४. बाबा दारातून बघत होते, म्हणाले, "व्हर्नियर आहे माझ्याकडे, डेप्थ मोजायची पट्टी असते त्याला, मागायचा होतास." बाबा पीथमपूरला एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, पस्तीस वर्षं. मग व्हर्नियर आला, पण त्याची पट्टी १५० लाच संपली. काडी जिंकली. बाबा काही बोलले नाहीत, व्हर्नियर पुसून डबीत ठेवला.

आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉल, इंदुरात कॉम्प्युटरचं काही घ्यायचं तर पाय तिकडेच वळतात. सकाळी पोहे खाऊन निघालो. पहिल्या दुकानात मला लिक्विड कूलर विकायचाच असं ठरवून बसले होते, "भिया, लिक्विड ले लो, टेंशन खतम." त्याचा रेडिएटर अडकवायला माझ्या डब्यात जागाच नाही हे सांगितलं तर म्हणे डब्बा भी बदल लो. दुसऱ्या दुकानात स्वस्तात एक दिला, पण पेटीवर १२०० पर्यंतचेच सॉकेट छापलेले आणि माझं सॉकेट १७००चं. हे लक्षात ठेवा, १२००च्या सॉकेटला कूलरची भोकं ७५ मिलीमीटरच्या चौकोनात असतात आणि १७००ला ७८च्या, तीन मिलीमीटरने सगळं अडतं, आणि दुकानदार "आ जाएगा भिया, थोड़ा दबा के" म्हणतो. दाबून काही येत नाही. शेवटी डीपकूलचा एके ४०० घेतला, १५५ मिलीमीटर उंच, चार तांब्याच्या नळ्या, १२० चा एक पंखा, आणि पेटीत १७००चं सामान. त्या नळ्यांमध्ये थेंबभर पाणी कोंडलेलं असतं, खाली तापलं की वाफ होऊन वर जातं, वर पात्यांमध्ये गार होऊन परत खाली झिरपतं. हे मी बाबांना गाडीवर मागे बसून सांगत होतो तर म्हणाले, "म्हणजे बॉयलर." आता हो म्हणू की नाही!

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर मांडामांड केली. गालिचा, चादर वगैरे काही नाही, उघड्या फरशीवर, कारण उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत स्टॅटिकचा झटका बसायची भीती असते, मधूनमधून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावत राहायचं. आईकडून मसाल्याचा जुना डबा घेतला, सात वाट्यांचा. प्रत्येक वाटीत वेगळे स्क्रू आणि वाटीखाली चिठ्ठी, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय असं. वाट्यांना अजून हळदीचा वास होता. मोबाईलवर दर टप्प्याला फोटो, खासकरून पुढच्या बटणाच्या बारीक वायरींचे.

ग्राफिक्स कार्ड आधी काढलं, त्याशिवाय हातच जात नाही. मग कूलरचे चार स्क्रू, एक इकडचा एक समोरचा असे थोडे थोडे सैल करत. उपसायच्या आधी पाच मिनिटं पीसीवर काहीतरी जड चालवून गरम करून घेतला होता, म्हणजे कूलर आणि प्रोसेसरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट मऊ होते, आणि सरळ ओढायचा नाही, डावी-उजवीकडे किंचित पिळायचा. तरी चिकटलेलाच. निघाला तेव्हा खालची पेस्ट बघितली, वाळलेल्या उटण्यासारखी, नखाने पोपडे निघत होते.

आता नवीन कूलरची मागची प्लेट लावायची म्हणून कॅबिनेटची दुसरी बाजू उघडली आणि तिथेच बसलो. मागे प्लेट नाहीच. नेहमी कसं असतं, बोर्डाच्या मागे एक प्लेट, तिच्यात कूलरचे स्क्रू. इथे कंपनीने बोर्ड ज्या पत्र्यावर बसतो त्या पत्र्यालाच, प्रोसेसरच्या मागे कापलेल्या खिडकीवर, एक लोखंडी पट्टी ठोकली होती, तिला चार खुंट, आणि कूलरचे स्क्रू बोर्डातून आरपार त्या खुंटांमध्ये. म्हणजे कूलर, बोर्ड आणि डबा तिघांना एकाच दोरीत ओवलेलं. नवीन प्लेट त्या खुंटांच्या मध्ये येऊच शकत नाही. आणि पट्टीला स्क्रू नाहीत, रिव्हेट. चार रिव्हेट.

खरं सांगतो, त्या क्षणी जुनाच कूलर नवी पेस्ट लावून परत बसवायचा आणि गप्प बसायचं असं ठरत आलं होतं. बाबांनी टॉर्च मारून बघितलं, बोट फिरवलं, म्हणाले, "पॉप रिव्हेट आहेत, चारच्या बिटने डोकं उडवू. पण आधी तुझा तो बोर्ड बाहेर काढ, लोखंडाचा कीस पडला त्याच्यावर तर मग मी जबाबदार नाही."

म्हणजे आख्खा पीसी उलगडायचा. उलगडला. चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर इतका घट्ट की क्लिप दाबून हलवत हलवत काढताना बोर्ड वाकतोय असं वाटून घाम फुटला. बोर्ड काढून जेवायच्या टेबलावर, त्याच्याच पेटीतल्या फोमवर. पॉवर सप्लायही काढला. नुसता रिकामा डबा घेऊन आम्ही गच्चीवर, साडेचार वाजता, पायाला चटके बसतायत. बाबांनी गुडघ्यात डबा धरला, आधी रिव्हेटच्या मधल्या खड्ड्यात पंच ठेवून हातोडीचा एक टोला, मग ड्रिल अगदी हळू, बिट थांबत थांबत. मी जोर लावायला गेलो तर, "अरे घाई कशाला करतोस, तो आपला आपण जाईल." आणि खरंच, डोकं सुटलं आणि बिटवर अंगठीसारखं गरगर फिरायला लागलं. एक. दुसरं. तिसऱ्याला रिव्हेटच भोकात फिरायला लागला, तेव्हा बाबांनी मागून पक्कडीत धरला. चौथा. पट्टी खण्णकन खाली. त्यानंतर त्यांनी डबा उलटा करून ठोकला, ब्रश मारला, मग चुंबक घेऊन कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवला आणि चुंबकाला चिकटलेला कीस मला दाखवला. "हे बघ, दिसत नव्हतं." पस्तीस वर्षांचा पगार त्या एका चुंबकात वसूल झाला असं मला वाटलं, त्यांना तसं काही वाटलेलं दिसलं नाही, ते चहा मागत होते.

खिडकी मोकळी झाली, बाकी सगळं सोपं. बोर्डाच्या मागून नवीन प्लेट, पुढून १७००चे खुंट, आडव्या दोन पट्ट्या. प्रोसेसरचा माथा पुसला, नवीन कूलरच्या बुडाला पेस्ट लावूनच येते ती छान चौकोनी, बुडावरचं प्लास्टिकचं टोपण काढलं (काढायचं विसरणारे असतात), टॉवर ठेवला, दोन स्क्रू आळीपाळीने दोन-दोन फेरे. बोर्ड डब्यात घातला. सुंदर दिसत होतं.

आणि मग वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची वीज, ती आठ पिनांची वायर. टॉवर आणि पॉवर सप्लायच्या मधल्या फटीत. माझं बोट नाही जात, आईचं जाईल म्हणून तिला बोलावलं, तिचंही नाही, तिने लाटणं सुचवलं. चिमट्याने प्रयत्न केला, कनेक्टर अर्धा बसतो पण क्लिकचा आवाज येत नाही, आणि अर्ध्या बसलेल्या वायरीतून शंभर वॅट ओढायची माझी हिंमत नव्हती. कूलर परत काढावा लागला. आयती पेस्ट फुकट गेली. उचलल्यावर तिचा ठसा बघायला मिळाला, मध्ये जाड राहिलेली, दोन टोकांना पातळ. हे सॉकेट प्रोसेसरला मधोमध दाबून किंचित वाकवतं म्हणून असं होतं, त्यावर वेगळी फ्रेमही मिळते, पण त्या संध्याकाळी मला अजून काही उघडायचं नव्हतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बाबांच्या जुन्या बनियनचा तुकडा, टिशूचे तंतू सुटतात. नवी पेस्ट मध्ये वाटाण्याएवढी. आपल्याकडे पोह्यांवर जिरावन भुरभुरतात तशी भुरभुरवायची नसते, दाबाने आपोआप पसरते. आधी वायर, क्लिक ऐकला, मग कूलर.

रात्री नऊला सुरू केला तर स्क्रीनवर इंग्रजीत, पंखा सापडत नाही. फिरतोय समोर! डोळ्यांना दिसतोय! पाच मिनिटं त्या मेसेजशी भांडल्यावर कळलं की पंख्याची वायर मी शेजारच्या, मागच्या पंख्याच्या पिनांना लावलीय. कंपनीचा बोर्ड प्रोसेसरच्या पंख्याच्या पिनांवर पंखा नसेल तर पुढे जाऊच देत नाही. जागा बदलली, विंडोज उघडलं, झाकण लावलं, रेंडर लावला.

९१.

शांत होता, थ्रॉटलिंग नव्हतं, १२५ वॅट पूर्ण घेत होता, रेंडरही पटापट चालला होता. पण ९१? खोलीत ३४ डिग्री धरले तरी एवढ्या खटाटोपाला ९१? झाकण काढलं. दहा मिनिटांत ८०. परत लावलं, ९०, ९१. म्हणजे कूलर आपलं काम करतोय, त्याला गार हवाच मिळत नाहीये.

रात्री साडेदहाला देवघरातून उदबत्ती आणली. झाकण लावून रेंडर चालू ठेवला आणि पुढच्या बाजूला, जिथून हवा आत जायला हवी तिथे उदबत्ती धरली. धूर सरळ वर. जरासुद्धा आत ओढला जात नाही. पुढची बाजू म्हणजे सगळं चकचकीत काळं प्लास्टिक, बाजूला एक बोटभर फट, तिच्यामागे पंखाच नाही. मग वरच्या जाळीपाशी धरली, तिथे धूर आत! म्हणजे मागचा तो लहानसा पंखा गरम हवा बाहेर फेकतोय, ती भिंतीला आपटून वर येतेय आणि वरच्या जाळीतून परत आत शिरतेय. टेबल भिंतीला चिकटून होतं, मीच चिकटवलेलं, लाइट दिसायला नको म्हणून. तीन वर्षं माझा पीसी स्वतःचीच उष्टी हवा पीत होता.

टेबल आधी वीतभर पुढे ओढलं, चार डिग्री तिथेच उतरल्या, फुकटात. दुसऱ्या दिवशी १२० चा एक साधा पंखा आणि वायर दोघांत वाटून देणारी वाय केबल आणली, कारण बोर्डावर पिना शिल्लक नव्हत्या. पुढचं प्लास्टिक काढलं तर आत पंखा बसायची भोकं होती! चारही! कंपनीने डब्यात जागा केली होती, पंखा तेवढा वाचवला होता. प्लास्टिक परत लावलंच नाही, त्याजागी आईने जुन्या मच्छरदाणीचा तुकडा दुहेरी करून शिवून दिला, कडेला इलास्टिक घालून, उशीच्या अभ्र्यासारखा. धूळ अडते, महिन्यातून एकदा धुवायला टाकतो, दोरीवर मोज्यांशेजारी वाळत असतो. उदबत्ती परत धरली, यावेळी धूर मच्छरदाणीतून सरळ आत खेचला गेला, अगदी लवून.

आता तोच रेंडर, झाकण लावून, ८२ च्या वर जात नाही, आणि पूर्वी जो तासाचा झाला होता तो चाळीस मिनिटांत परत. गेममध्ये तर ६५-७०. कूलर अडीच हजाराच्या आत, पंखा आणि केबल मिळून पाचशेच्या आत, रिव्हेट बाबा.

जुना ठोकळा मी कचरागाडीत टाकायला काढला होता, ई-वेस्टचा वेगळा कप्पा असतो तिच्यात, पण बाबांनी वाटेतच घेतला. मधोमध तांब्याची गोटी आहे त्याच्या, ती त्यांना दिसली होती. आता तो त्यांच्या टेबलावर पेपर उडू नये म्हणून ठेवलेला असतो, खिडकीतल्या कूलरचा झोत बरोबर तिथेच येतो.

एवढं सगळं शांत झाल्यावर काल रात्री पहिल्यांदा ऐकू आलं की ग्राफिक्स कार्डही किर्रर्र करतं. आधीपासूनच करत असणार. बाबांना अजून सांगितलेलं नाही.